आधी वाट, मग हाक : गावात डुशेनची माहिती द्यायला निघणाऱ्यांसाठी

सात सप्टेंबर जवळ आला की कुणीतरी हौसेनं विचारतं, "यंदा चौकात डुशेनचा बॅनर लावायचा का?" लावा की. पण तो बॅनर वाचून गावातली एक तरी आई पोराला घेऊन तपासणीला जाईल का, हे आधी स्वतःला विचारा. हा लेख सांगली जिल्ह्यात डुशेन या लहान मुलग्यांच्या स्नायू झिजवणाऱ्या आजाराबद्दल बोलायला नव्यानं उभं राहणाऱ्यांसाठी आहे. त्यात शिक्षक आले, फिजिओथेरपी शिकणारी मुलं आली, गणेश मंडळाची पोरं आली आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे असे आईबापही आले. साताऱ्याकडच्या लोकांनी गावांची नावं बदलून वाचलं तरी चालेल.

पायरी १ : आजार गरजेपुरता समजून घ्या

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीला पालक नुसतं 'डीएमडी' म्हणतात. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो. मुलींमध्ये तो क्वचितच दिसतो. स्नायूंच्या पेशी आखडताना-सैल होताना त्यांचं आवरण फाटू नये म्हणून शरीर डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन बनवतं. ते बनवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि माणसाच्या जनुकांत ते सर्वांत मोठं आहे. त्याचे ७९ तुकडे, म्हणजे एक्सॉन. त्यातला काही भाग गळाला, दुप्पट झाला किंवा एखादं अक्षर बदललं की प्रथिन बनत नाही आणि स्नायू हळूहळू झिजतात. ७९ वरूनच सातवा दिवस, नववा महिना ठरला. २०१४ पासून हा जागृती दिन पाळतात आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही त्याला मान्यता दिली.

बाळ जन्मतः ठणठणीत असतं. चालायला उशीर होतो, पुष्कळदा बोलायलाही. तीन-चार वर्षांचा झाला की सारखा पडतो, जिना चढताना कठड्याला लोंबकळतो, टाचा उचलून चालतो. उपचार नसतील तर साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालणं थांबतं, पुढे हृदय आणि श्वासाचे स्नायू दुबळे होतात. पूर्ण बरं करणारं औषध आज नाही. पण वेळेवर स्टेरॉइड, व्यायाम आणि हृदय-फुफ्फुसांकडे लक्ष असेल तर मुलं जास्त वर्षं चालतात आणि तिशीपर्यंत, त्यापुढेही जगतात. गावात सांगायला एवढं पुरे. एक्सॉन स्किपिंग आणि जीन थेरपी या नव्या जनुकीय उपचारांवर भाषण देऊ नका. ऐकणाऱ्याला त्यातलं फक्त 'औषध आलंय' एवढंच ऐकू जातं.

पायरी २ : सभा घेण्याआधी पुढची वाट बांधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. तुम्ही लक्षणं सांगितली आणि सभा संपल्यावर एक बाई जवळ येऊन म्हणाली, "आमचा नातू असाच उठतो बघा. आता काय करू?" याचं उत्तर खिशात नसेल तर तुम्ही त्या घराला नुसता घोर लावून आलात.

उत्तर असं हवं. पहिलं काम सीपीके नावाची रक्ततपासणी. खासगी लॅबमध्ये काही शे रुपयांत होते, उपाशीपोटी जावं लागत नाही. सर्वसाधारणपणे हा आकडा दोनशेच्या आतबाहेर असतो, डुशेनच्या लहान मुलात तो दहा-वीस हजारांच्या घरात जातो. आकडा जास्त आला म्हणजे डुशेनच असं नाही. स्नायूंचे दुसरे आजारही असतात, अंगात इंजेक्शन घेतलं किंवा फार दमणूक झाली तरी तो थोडा वाढतो. पण हजारांत आला तर थांबायचं नाही.

दुसरं काम जनुकीय तपासणी. आधी एमएलपीए, कारण बहुतेक मुलांत जनुकाचा तुकडा गळालेला किंवा दुप्पट झालेला असतो आणि तो याच तपासणीत दिसतो. त्यात काही निघालं नाही तर जनुकाचं पूर्ण वाचन. पूर्वी लगेच मांडीचा तुकडा काढून बायोप्सी करत. आता ती वेळ शेवटी, फारच थोड्यांवर येते.

कुठे जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ० ते १८ वर्षांची मुलं ते तपासतं आणि गरज असेल त्यांना पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचं सिव्हिल जवळ आहेच. दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारनं ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी मुंबईचं केईएम आपल्याला सोयीचं. रात्रीची महालक्ष्मी धरली की सकाळी मुंबई, तिथून परळ. जतकडच्यांना बंगळूरचं निम्हान्स भाषेच्या दृष्टीनं बरं पडतं, तिथे स्नायूंच्या आजारांचं काम जुनं आहे.

जायच्या आधी ओपीडीचा वार स्वतः विचारून घ्या आणि अर्ध्या पानावर लिहून छापा : कोणती तपासणी, कुठे, कोणत्या वारी, सोबत कोणते कागद. ते अर्धं पान बॅनरपेक्षा जास्त काम करतं.

पायरी ३ : कुणाला गाठायचं

सगळ्या गावाला सांगायला जाऊ नका. तीनच माणसं पक्की करा : अंगणवाडी सेविका, आशाताई आणि पहिली-दुसरीचे गुरुजी किंवा बाई. आशाताईंची महिन्याची बैठक प्राथमिक आरोग्य केंद्रात असते, शिक्षकांची शिक्षण परिषद केंद्रशाळेत. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि केंद्रप्रमुखांना आधी भेटून पंधरा मिनिटं मागा. पंधराच. जास्त मागितलीत तर चहा झाल्यावर, सगळे निघायच्या घाईत असताना मिळतील.

त्या पंधरा मिनिटांत स्लाइड दाखवू नका, करून दाखवा. शर्टाच्या बाह्या दुमडा आणि सतरंजीवर मांडी घालून बसा. आता उठताना आधी पालथे व्हा, दोन्ही हात जमिनीवर टेका, ढुंगण वर घ्या, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा दुसऱ्या गुडघ्यावर, आणि मांड्यांवर हात चढवत चढवत सरळ व्हा, जणू स्वतःच्याच अंगावर चढताय. लोक हसतील, हसू द्या. विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरनं हे उठणं १८७९ मध्ये नीट लिहून ठेवलं, म्हणून डॉक्टर त्याला गॉवर्स साइन म्हणतात. तुम्ही ते नाव सांगायची गरज नाही. "तीन वर्षांपुढचा पोरगा असा उठत असेल तर आम्हाला सांगा," एवढंच सांगा. त्याहून लहान पोरं कधी कधी अशीच उठतात, हेही लगेच सांगा, नाहीतर पुढच्या आठवड्यात दीड वर्षाची बाळं घेऊन रांग लागेल.

जिल्हा परिषद शाळेत हे दिसायची हमखास वेळ म्हणजे परिपाठ. प्रार्थना संपते, सगळी पोरं खाली बसतात, बातम्या-सुविचार होतात आणि मग एका हुकमावर सगळी उठतात. ओळीत एक जण दर वेळी मागे राहतो. बाकीची उभी राहिलेली असतात आणि हा गुडघ्यांवर हात टेकून वर येत असतो, किंवा शेजारच्याचा खांदा धरतो. शिक्षक त्याला आळशी म्हणतात, कारण तो अभ्यासातही थोडा मागे असतो. डुशेनमधल्या काही मुलांना शिकायला, बोलायला अडचण असतेच, तोही आजाराचाच भाग. शिक्षकांना एवढंच विनवा की महिनाभर परिपाठात सगळ्यात शेवटी कोण उठतं ते बघा.

आणि उठाबशांची शिक्षा. या मुलांसाठी ती नुसती अपमानाची नाही, स्नायूंना थेट इजा करणारी आहे. हे शाळेत स्पष्ट बोला.

पायरी ४ : 'पैलवान होणार' याला उत्तर तयार ठेवा

आपला मुलूख कुस्तीचा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ आणलं, कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. अशा भागात पोराच्या पोटऱ्या टणक, भरलेल्या दिसल्या की आजोबा खूश होतात. डुशेनमध्ये नेमक्या पोटऱ्याच फुगतात. झिजलेल्या स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरतात, ताकद नसते. पोटऱ्या पैलवानाच्या आणि पोराला एसटीची पायरी चढवत नाही, हा विरोधाभास आजोबांना दाखवून द्या. ते चिडत नाहीत, विचारात पडतात. मी तर म्हणेन, घरातल्या बाकी कुणापेक्षा आजोबांना पटवणं सोपं असतं, कारण अंग कसं असावं हे त्यांना कळतं.

यातला धोका पुढेच आहे. अशक्त आहे म्हणून पोराला तालमीत घालतात, जोर-बैठका काढायला लावतात, डोंगर चढवतात. डुशेनचा स्नायू अशा ताणानं आणखी लवकर फाटतो. याचा अर्थ मुलाला खाटेवर बसवून ठेवायचं असाही नाही. सपाट जागेवर चालणं, हलकी सायकल, मोठ्या माणसाच्या नजरेखाली पोहणं चांगलं. दमायच्या आधी थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर जास्त झालं समजायचं.

पायरी ५ : डॉक्टरांच्या कानावरही घाला

हे जरा नाजूक. पोराला ताप आला, रक्त तपासलं, एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं निघालं, 'लिव्हरला सूज आहे' म्हणून औषध सुरू झालं आणि महिनोन् महिने पथ्य चाललं, असं बऱ्याच घरांत होतं. ही दोन्ही द्रव्यं स्नायूंतूनही रक्तात येतात. कावीळ नाही, जीजीटी हा लिव्हरचा आकडा नॉर्मल आहे आणि एसजीओटी-एसजीपीटी खाली येत नाहीत, अशा मुलाची सीपीके बघायला हवी. गावच्या डॉक्टरांना शिकवायला गेल्यासारखं न करता, तालुक्याच्या डॉक्टर संघटनेच्या बैठकीत एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडून हे बोलवून घ्या. आपण बोलण्यापेक्षा ते बरं.

पायरी ६ : निरोप माहेरच्या वाटेनं जाऊ द्या

निदान झाल्यावर घरात पहिला प्रश्न येतो, "आमच्यात कुणालाच नाही, मग हे कुठनं आलं?" आणि सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळतात. दुसरा प्रश्न, "नात्यात केलं म्हणून झालं का?" आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे, त्यामुळे हा प्रश्न येणारच.

सरळ सांगा : डुशेन नात्यातल्या लग्नानं होत नाही. ते एक्स गुणसूत्रावरून येतं आणि मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो. आई वाहक असेल, म्हणजे तिच्यात बिघडलेलं जनुक असूनही तिला स्वतःला सहसा त्रास नसेल, तर तिच्या प्रत्येक मुलग्याला आजाराची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. पण साधारण एक तृतीयांश मुलांत आई वाहक नसतेच, बदल त्या मुलातच नव्यानं झालेला असतो. दोन्हीकडे आईनं काही केलेलं नसतं. तिनं गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याचा काडीचा संबंध नाही. हे वाक्य सासूबाईंच्या समोर म्हणा, सुनेला बाजूला घेऊन नव्हे.

नात्यातल्या लग्नाचा धोका दुसऱ्या काही स्नायूंच्या आजारांत खरा आहे. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी (एसएमए) किंवा लिंब-गर्डल डिस्ट्रॉफीच्या बऱ्याच प्रकारांत आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं, ते मुलींनाही तितकेच होतात, आणि दोघांचे आजी-आजोबा एकच असले की ती शक्यता वाढते. म्हणून 'नात्यात लग्न केलं तरी काही होत नाही' असंही बोलून बसू नका.

आता खरं काम. आई वाहक निघाली तर तिच्या बहिणी, मावशा, मावसबहिणीही वाहक असू शकतात. धडधाकट मामाला मात्र ते जनुक आलेलं नसतं, त्यामुळे त्याच्या मुलींना त्या बाजूनं धोका नाही. म्हणजे आजार पलूसच्या घरात सापडला तरी पुढची काळजी घ्यायची असते ती आटपाडीत दिलेल्या मावशीच्या पोरीनं, जिला पाचवा महिना लागलाय आणि जिला हे कुणी सांगितलेलं नाही. सासरचं घर ही बातमी दडवतं, 'पोरींची लग्नं मोडतील' म्हणून. त्यामुळे आईच्या आईशी बोला. बसून कागदावर माहेरची वंशावळ काढा आणि विचारा, कुणाचा मामा, कुणाचा भाऊ पोरवयात चालायचा थांबला होता का? जुन्या पिढीत अशा मुलांना 'पोलिओ झाला' म्हणून सोडून दिलेलं असतं. पायांवरून सुरू होऊन दहाव्या-बाराव्या वर्षी बसला आणि विशीत गेला, असं कुणी सांगितलं तर तो पोलिओ नसण्याची शक्यता मोठी.

पुढच्या गरोदरपणात तपासणी करता येते. लोकांना वाटतं गर्भाची तपासणी म्हणजे गुन्हाच. लिंगनिवड हा गुन्हा आहे. पण १९९४ च्या त्याच कायद्यात लिंगाशी जोडलेल्या जनुकीय आजारांसाठी, नोंदणीकृत केंद्रात, लेखी संमतीनं तपासणीची सोय आहे. साधारण अकरा ते तेरा आठवड्यांत ती करतात. अट एकच, घरातल्या आजारी मुलाच्या जनुकात नेमका कुठे बदल आहे तो रिपोर्ट आधी हातात हवा. म्हणून 'आता इलाज नाही तर तपासणी कशाला' म्हणणाऱ्या बापाला हे सांगायचं. आणि वाहक आईनं स्वतःचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून घ्यावा, तिच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो.

पायरी ७ : निदान झालेलं घर भेटलं तर

औषध ठरवणं डॉक्टरांचं काम. तुम्ही एवढं घराच्या भिंतीवर लिहून द्या.

स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही. वजन वाढलं, चेहरा सुजला, शेजारीण म्हणाली 'स्टेरॉइड वाईट' म्हणून गोळी थांबवली तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कांजिण्यांसारख्या जिवंत लसी स्टेरॉइड सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या.

इको दर वर्षी, मुलगा कितीही चांगला दिसत असला तरी. टाचा हलक्या हातानं ताणायचा व्यायाम रोज, आणि रात्री घालायच्या पट्ट्या डॉक्टर सांगतील तशा. आणि कुठलंही ऑपरेशन असो, टॉन्सिलचं का असेना, भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधी सांगायचं. सक्सिनिलकोलिन नावाचं इंजेक्शन आणि हुंगवून द्यायची भूल या मुलांना घातक ठरू शकते. हे मी एका कार्डावर लिहून मुलाच्या दप्तरात ठेवायला सांगते.

कागदपत्रांत पहिलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव स्वतंत्र आहे, त्यामुळे 'हा अपंगत्वात बसत नाही' असं कुणी म्हटलं तर यादी पुढे ठेवा. मूल चालतंय म्हणून टक्केवारी कमी मिळते, चालणं कमी झालं की पुन्हा तपासणी मागायची. कार्ड मिळालं की एसटीची सवलत आणि सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतला विशेष शिक्षक मागता येतो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. शाळेचा रॅम्प, व्हीलचेअर यासाठी ग्रामसभेत अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच न घेता दिलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात डुशेनचं नाव आहे आणि उत्कृष्टता केंद्रामार्फत ५० लाखांपर्यंतच्या मदतीची तरतूद आहे. नावनोंदणी जरूर करा. पण डुशेनच्या महागड्या औषधांना आयुष्यभराचा खर्च लागतो, त्यामुळे 'सरकार ५० लाख देतंय' असं गावात पसरवू नका.

पायरी ८ : स्टेम सेलवाल्यांपासून जपा

निदानानंतर काही महिन्यांत घरात एक व्हिडिओ येतो : मुलगा आधी बसलेला, नंतर उभा. लाखाचं पॅकेज. डुशेनसाठी स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशी टोचण्याचा, मान्यताप्राप्त उपचार भारतात नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताचे ठरावीक आजार वगळता असे उपचार फक्त मान्यता घेतलेल्या चाचणीतच देता येतात, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. बापाला एवढाच एक प्रश्न शिकवा : "चाचणी आहे ना, मग पैसे कशाचे?" लोक जमीन विकून जातात, म्हणून याबाबत भीड नको.

वनस्पतींच्या काढ्यांवर वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. फक्त त्यापायी स्टेरॉइड बंद होत नाही ना, आणि पुडीत काय आहे ते डॉक्टरांना दाखवलंय ना, एवढं बघते.

पायरी ९ : सात सप्टेंबर

हा दिवस बहुधा गणपतीच्या आगेमागेच येतो. मंडळाला पूर्ण देखावा मागू नका. आरतीनंतरची पाच मिनिटं मागा, तेव्हा बायका-पोरं सगळी जागेवर असतात. एका तरुणानं सतरंजीवर ते उठणं करून दाखवावं, दुसऱ्यानं अर्धं पान वाटावं. आजारी मुलाला स्टेजवर आणायचं नाही. त्याचा फोटो बॅनरवर नको, गावाच्या ग्रुपवर तर नकोच. पुढे त्याच्या बहिणीचं लग्न ठरताना तो फोटो फिरतो. कुणा पालकांना स्वतःहून बोलायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मुलगा समजत्या वयाचा असेल तर त्यालाही विचारा.

जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत जाणार असाल तर अर्धं पान कानडीतही छापा. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर कारखान्यांच्या तळावर ऊसतोडीच्या कोप्या पडतात, तिथली मुलं ना इकडच्या पथकाच्या यादीत असतात ना तिकडच्या. त्यांच्यासाठी मुकादमाला धरा. तो 'हो' म्हणाला तर संध्याकाळी, पोरं चुलीभोवती असताना जा.

सभेत जे कुणी 'आमचा पोरगा असाच उठतो' म्हणून भेटतील त्यांचं गाव, आशाताईंचा नंबर आणि सीपीकेची तारीख एका वहीत लिहा. वही घरी ठेवा, कुणाला दाखवू नका. पंधरा दिवसांनी आशाताईंना फोन करून विचारा, रिपोर्ट आला का. नसेल आला, तर बहुधा पैशाची नाही, सोबत जाणाऱ्या माणसाची अडचण असते. तेव्हा वार ठरवून मिरजेच्या स्टँडवर त्यांना भेटा.